भिंगरीसाठी ठोकलेली जमीन

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला कधी हातात धरले असेल. मी धुम्मस आहे, आणि आता चांगलेच जुने झाले आहे. वीतभर रुंदीचा लोखंडी चौकोनी पाय आणि त्यातून वर निघालेला लाकडी दांडा, एवढाच माझा देह. मला दोन्ही हातांनी उचलायचे आणि सोडायचे. पुन्हा उचलायचे, पुन्हा सोडायचे. माझ्याखाली येणारी माती दबत जाते, घट्ट होते आणि शेवटी तिची जमीन होते. एवढे एकच काम मला येते.

एका लोहाराने मोटारीच्या मोडक्या सांगाड्यातून माझा पाय घडवला. दांडा मात्र माझ्या मालकाने स्वतः तासला, आपल्या छातीच्या उंचीचा. तेव्हा तो ऐन पंचविशीत होता आणि नुकताच स्वतःच्या हिमतीवर कामे घेऊ लागला होता. दांडा बसवून झाल्यावर त्याने मला तीन वेळा अंगणात आपटून पाहिले आणि लोहाराला म्हणाला, "जड आहे. पण खोटं नाही."

ती माझी पहिली शाबासकी.

मालक जमिनी करायचा. घरांच्या नव्हे, गोदामांच्या. धान्याच्या गोदामाला खालून ओल लागली तर पोतीच्या पोती सडतात, म्हणून ती जमीन अशी व्हावी लागते की वरचे पाणी खाली जाणार नाही आणि खालचे वर येणार नाही. मालक चाळलेली माती, चुना आणि दगडाची भुकटी एकत्र करायचा, वर पाणी शिंपडायचा आणि मला घेऊन कोपऱ्यापासून सुरुवात करायचा. सुरुवातीला माझा आवाज भद्द येई. दुसऱ्या फेरीला थप्प. तिसऱ्या फेरीला खालून टणटणीत उत्तर येऊ लागले की मालक थांबायचा. मग तो सकाळी एक बादली पाणी जमिनीवर ओतायचा आणि संध्याकाळी बघायला यायचा. पाणी होते तिथेच, आरशासारखे उभे दिसले की काम पास. त्याच्या एकाही जमिनीने कधी पाणी प्यायले नाही. उंचसखलपणा त्याला नुसत्या डोळ्यांनी कळायचा, म्हणून मुकादम त्याला 'पाणसाळ', म्हणजे पातळी मापायचे अवजार, म्हणायचे. "पाणसाळला बोलवा," असे कुणी म्हटले की माझीही छाती फुगायची. मला छाती नाही हे मला ठाऊक आहे, पण तुम्हाला दुसऱ्या कोणत्या शब्दात सांगू?

अशी तीसेक वर्षे गेली. मग गोदामांना सिमेंटच्या जमिनी होऊ लागल्या आणि माझ्या जागी यंत्रे थरथरू लागली. मालकाचे गुडघे त्याच सुमारास कुरकुरायला लागले होते. काम कमी होत गेले आणि एके दिवशी थांबले. पुढे त्याची बायको वारली. तेव्हा त्याची एकुलती एक लेक त्याला आपल्या घरी घेऊन आली.

निघताना त्याने सगळी अवजारे ओळखीच्या गवंड्याला देऊन टाकली. मला मात्र गाडीत घातले.

"बाबा, हे ओझं कशाला?" लेकीने विचारले.

"असू दे. दाराला टेकवायला होईल."

आणि खरोखरच तसे झाले. लेकीचे घर तळमजल्यावर होते. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचे दार उघडले की भिंतींनी बंदिस्त असे छोटेसे परसू. वाऱ्याने ते दार आपटायचे, म्हणून मला त्याच्याशी उभे केले. ज्याने गोदामेच्या गोदामे पक्की केली ते मी, आता एक दार धरून राहिले. त्यातही एक बरे होते. घरातले सगळे दिसायचे आणि ऐकू यायचे.

मालकाने स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक खुर्ची धरली आणि तो तिच्यात बसून राहिला. लेक कामावर जाताना विचारायची, "जेवाल ना वेळेवर?" तो म्हणायचा, "हो." ती परत आल्यावर विचारायची, "जेवलात ना?" तो म्हणायचा, "हो." पातेल्यावरचे झाकण तर सकाळी ठेवले तसेच असायचे. अशी दोन वर्षे गेली.

लेक दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. तिचे लग्न मोडले होते आणि त्याविषयी ती कुणाशी बोलत नसे. बोलायची ती फक्त भिंगरीशी. भिंगरी तिची कुत्री, तांबूस रंगाची, एक कान कायमचा दुमडलेला. बसण्याआधी स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्याशिवाय तिला बसताच येत नसे, म्हणून ते नाव. लग्न मोडले त्या महिन्यात लेकीने तिला पिलू असताना आणले होते आणि आता तिला आठवे वर्ष लागले होते. संध्याकाळी लेक परसाच्या पायरीवर बसायची, भिंगरी तिच्या पावलांवर हनुवटी टेकायची आणि दिवसभराची सगळी कहाणी भिंगरीला ऐकवली जायची. खोलीतला साहेब काय बोलला, कुणाची नळी फुटली, कोण बाई रक्त पाहून भोवळ येऊन पडली. खुर्चीतला मालक ऐकत असे, पण ते त्याला सांगितलेले नसे.

मालक वरवर त्या कुत्रीवर कुरकुर करायचा. "केस पडतात सगळीकडे," म्हणायचा. पण दुपारी घरात दोघेच असले की तो आपल्या ताटातला अर्धा घास खाली धरायचा. हे मी पाहिले आहे.

परसात गवत नव्हते, नुसती माती होती. भिंगरी ती उकरायची. पाणी पडले की चिखल व्हायचा आणि तिच्या पायांनी तो घरात, जिन्यात, थेट वरच्या मजल्यापर्यंत पोचायचा. वर घरमालकीण राहायची. शाळेतून निवृत्त झालेली बाई, दम्याची, एकटी. लेक तिला काकू म्हणायची. एका सकाळी ती खाली आली.

"अगं, मला जनावरांचं वावडं नाही," ती म्हणाली, "पण हा चिखल आणि ही धूळ मला सोसवत नाही. परसाचं काहीतरी कर, नाहीतर कुत्रीची दुसरीकडे सोय बघ."

लेकीने चार ठिकाणी चौकशी केली. नकली गवताच्या दुकानातला एक माणूस म्हणाला की कुत्र्यांसाठी वेगळे गवत मिळते, ते एकदा बसवले की चिखलाची भानगड संपली. लेक त्याच्याकडून माहितीचा कागद घेऊन आली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बापाला सांगू लागली.

"दुकानातली माणसं येऊन बसवून देतील. आधी माती काढतील, खाली खडी घालतील, ती ठोकतील आणि वर गवत अंथरतील."

मालकाने मान वर केली. "काय करतील?"

"ठोकतील, बाबा. जमीन घट्ट करतील."

तो खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठला, दारापाशी आला आणि माझ्या दांड्यावर पंजा ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"जमीन ठोकायला परकी माणसं कशाला लागतात?" तो म्हणाला.

मित्रांनो, तो हात ओळखीचा होता. थोडा हलका झाला होता, पण ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. मालकाने परसातली चार बोटे माती काढली. एका दमात होईना, म्हणून चार टोपली काढायची, पायरीवर बसायचे, पुन्हा उठायचे. भिंगरीला वाटले हा आपलाच खेळ आहे. तीही शेजारी उकरू लागली. "तू राहू दे," मालक तिला म्हणाला, "तुझ्या उकरण्यापायीच हे चाललंय." कडेने त्याने लाकडी पट्ट्या ठोकून चौकट केली. मग माती, चुना आणि दगडाची भुकटी मागवली.

ते पाहून लेकीने कागद काढला. "बाबा, यात लिहिलंय की खाली मोकळी खडी घालायची आणि थोडा उतार ठेवायचा. पाणी खाली जिरलं पाहिजे म्हणे."

"कागद लिहिणाऱ्याने जन्मात कधी जमीन केली आहे का?"

"तसं नाही, पण कुत्र्यासाठी..."

"पोरी, पाणी जिरलं की जमीन खचते. जमीन खचली की तुझ्या त्या गवताला सुरकुत्या पडतील. मी जन्मभर हेच केलंय."

लेक पुढे बोलणार होती. मी तिचे तोंड उघडलेले पाहिले. पण मालकाच्या गालाला चुना लागला होता, बाह्या वर सरकल्या होत्या आणि आदल्या संध्याकाळी त्याने ताटात आपणहून दुसऱ्यांदा वाढून घेतले होते. तिने कागदाची घडी केली आणि डब्याखाली ठेवून दिली.

मग माझी पाळी आली. सहा दिवस. तरुणपणी ही जागा मालकाने एका दुपारी उरकली असती. आता तो वीस ठोके मारायचा आणि माझ्यावर हनुवटी टेकून धापा टाकायचा. पण कोपरा सोडला नाही. भद्द, मग थप्प, आणि सहाव्या दिवशी खालून ते टणटणीत उत्तर आले. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन वर्षे दार धरून काढल्यावर मला पुन्हा माझा आवाज ऐकू आला होता. मालकाने सकाळी बादलीभर पाणी ओतले. संध्याकाळी लेक कामावरून आली तेव्हा त्याने तिला हात धरून परसात नेले. पाणी होते तिथेच उभे होते आणि त्यात समोरची भिंत दिसत होती.

"बघ," तो म्हणाला.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

गवताच्या दोन गुंडाळ्या आल्या. ते बसवायची रीत मालकाने दुकानातल्या माणसाला विचारून घेतली, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. दोन्ही पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. कापायचे ते पाठीच्या बाजूने. मधल्या सांध्याखाली चिकटपट्टी, कडेने खिळे, आणि वरून बारीक वाळू झाडूने पात्यांत मुरवायची. बाप-लेकीने सुट्टीच्या दिवशी गुडघ्यांवर बसून ते सगळे केले. सांधा कुठे आहे हे सांगितल्याशिवाय कळत नव्हते. भिंगरीने दारातून बराच वेळ वास घेतला, एक पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, मग मधोमध जाऊन तीन गिरक्या घेतल्या आणि बसली.

वरची खिडकी उघडली. "भाऊ, काय सुंदर केलंत हो," काकू म्हणाल्या. "एखाद्या मैदानासारखं वाटतंय."

"खालची जमीन बघायला हवी होती तुम्ही," मालक म्हणाला. "खरं काम खाली आहे."

तो महिना या घरातला सर्वांत चांगला महिना होता. मालक रोज सकाळी झाडूने गवत उभे करायचा. खुर्ची त्याने परसात आणली. संध्याकाळी लेक पायरीवर बसून बोलायची तेव्हा तोही मध्येच विचारायचा, "मग त्या साहेबाचं पुढे काय झालं?" आणि ती बापाकडे वळून सांगायची.

मग वास यायला लागला.

सुरुवातीला तो फक्त दुपारी, ऊन तापल्यावर यायचा. लेक कामावर जाण्याआधी नळीने गवत धुऊन काढायची, आल्यावर पुन्हा धुवायची. तिने दवाखान्यात विचारून निरनिराळी औषधे आणली. पाण्याला फेस यायचा, तो सांध्यापाशी साचून राहायचा, आणि दोन दिवसांत वास परत दुप्पट. गवताच्या पाठीला बारीक भोके होती. कुत्रीचे मूत त्यातून खाली जात होते आणि माझ्या जमिनीवर येऊन थांबत होते. पुढे जायला त्याला वाट नव्हती. जितके जास्त धुवावे तितके जास्त पाणी खाली साचत होते. तेव्हा मला हे समजले नव्हते. पाणी अडवणे हेच चांगले काम, असे मी जन्मभर शिकले होते.

मालक भिंगरीवर चिडू लागला. "एका जागी करायला शिकव तिला," म्हणायचा. खुर्ची परसातून पुन्हा आत गेली. वरची खिडकी बंद झाली ती बंदच राहिली. भर उन्हाळ्यात काकू खिडकी लावून बसायच्या आणि त्यांचा खोकला भिंतीतून खाली ऐकू यायचा.

एका दिवशी मालक डोळे तपासायला गेला होता तेव्हा लेकीने रजा घेऊन गवताच्या दुकानातल्या माणसाला बोलावले. त्याने कोपऱ्यातले चार खिळे उपटून गवत वर उचलले आणि नाक धरून मागे सरकला. मग खिळ्याच्या टोकाने खालची जमीन खरवडून पाहिली. ओरखडाही उठला नाही.

"ताई, हे काय घातलंय खाली? ही तर फरशी झाली."

"माझ्या वडलांनी केली आहे."

"काम जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण पाणी जाणार कुठं? सगळं साचतंय तिथंच. वर काहीही ओता, उपयोग नाही. हे फोडून काढून खडी घालावी लागेल."

लेक म्हणाली, "बाबांना यातलं काही सांगू नका."

"मग करणार काय?"

"बघते."

त्याने खिळे परत ठोकून दिले. मालक परत आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दुकानवाला येऊन गेला. गवतच वाईट निघालं."

"मी म्हणत नव्हतो? प्लास्टिक ते प्लास्टिकच," मालक म्हणाला. त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जोर होता. "खालची जमीन विचार त्याला. आपण जाऊ, पण ती हलायची नाही."

"हो ना," लेक म्हणाली.

त्याच आठवड्यात काकू जिन्यावरून हळूहळू, कठडा धरत खाली आल्या. नाकाला रुमाल होता. "मला काल दवाखान्यात न्यावं लागलं," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटतं गं. पण या महिनाअखेरपर्यंत कुत्री नाही हलली तर तुम्हाला घर बघावं लागेल." लेकीने मान डोलावली. काही समजावले नाही, मुदत मागितली नाही. दुसरे घर बघायचे तर बापाला पुन्हा उचलून न्यायचे. जमीन फोडायची तर त्याला सांगायचे. तिने तिसरी गोष्ट निवडली.

तिच्या दवाखान्यातल्या एका बाईचा भाऊ गावाबाहेर लाकडाची वखार चालवायचा. तिथे मोकळी जागा होती, राखणीला कुत्री हवीच होती. एका सकाळी तो गाडी घेऊन आला. लेकीने भिंगरीची चादर, पाण्याचे भांडे आणि दात लावून चोथा केलेला चेंडू पिशवीत भरला. भिंगरीचा पट्टा मालकाने धरला होता. गाडीचे दार उघडले तरी ती चढेना. तिने तिथेच रस्त्यावर गिरक्या घेतल्या आणि त्या दोघांच्या मध्ये बसली, घरी बसायची तशी. शेवटी लेकीने तिला उचलून आत ठेवले.

"तिकडे तिला मोकळं बरं पडेल," मालक म्हणाला.

"हो," लेक म्हणाली.

त्या संध्याकाळी ती पायरीवर बसली नाही. त्यानंतरही कधी बसली नाही. मालकाने एकदा विचारले, "काय म्हणतो तुझा साहेब?" ती म्हणाली, "काही नाही. बरा आहे."

तीन आठवड्यांनी फोन आला. लेक स्वयंपाकघरातच होती. भिंगरी वखारीच्या कुंपणाखालून उकरून निघून गेली होती. पाच दिवस झाले होते. वखारवाल्याने शोधले होते, आधी कळवायचे धाडस झाले नाही, असे तो म्हणत होता. लेकीने पुढचे चार रविवार त्या बाजूला जाऊन रस्ते पालथे घातले. भिंतींवर कागद चिकटवले. कुणी म्हणाले पुलापाशी पाहिली, कुणी म्हणाले ती दुसरीच होती. भिंगरी सापडली नाही. ती कुठे गेली हे मलाही ठाऊक नाही, त्यामुळे तुम्हाला सांगू शकत नाही.

लेकीचे डोळे सुजलेले पाहून मालकाच्या मनाने घेतले की आता या गवतवाल्याला सोडायचे नाही. वाईट माल गळ्यात मारला, त्यापायी पोरीची कुत्री गेली. ती कामावर गेल्यावर त्याने पक्कड घेतली आणि एकेक खिळा उपटायला लागला. सगळे गवत गुंडाळून दुकानात नेऊन टाकायचे आणि चार लोकांत जाब विचारायचा, असा त्याचा बेत होता. तो स्वतःशी पुटपुटत होता, काय काय बोलायचे ते ठरवत होता.

अर्धी पट्टी गुंडाळून झाली आणि तो थांबला.

खाली पाणी होते. कुत्री जाऊन दोन महिने होत आले होते आणि तरी, गवताखाली ऊन पोचत नसल्याने, त्याच्या जमिनीवर पिवळट, कुबट पाणी उभे होते. कुठेही कमी-जास्त नाही, सगळीकडे सारखे. इतकी ती जमीन सपाट होती. मालक गुडघ्यांवर बसला. त्याने त्या पाण्यात बोट बुडवले, बोटाखाली जमीन दाबून पाहिली आणि बोट वासाला नाकाशी नेले. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तो पाणसाळ होता.

संध्याकाळी लेक आली तेव्हा तो तिथेच, ओल्या कडेला बसलेला होता.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारले.

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "हो."

"कधीपासून?"

"दुकानवाला आला होता तेव्हापासून. थोडंफार आधीपासून."

"म्हणजे भिंगरी होती तेव्हा."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत बसला असतात, बाबा."

"आणि आता कुठे बसू?" तो म्हणाला.

तिने त्याला हात देऊन उठवले, पाय धुवायला गरम पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी मालकाने शेजारच्या बांधकामावरून पहार मागून आणली. जमीन फोडायला निघाला. पहार उसळून परत आली. त्याने पुन्हा मारली. दहाएक घावांत कपचीएवढा तुकडा निघाला, आणि त्याच्या उजव्या खांद्यातून अशी काही कळ गेली की पहार हातातून सुटली. तो खांदा पुढे कधी नीट वर गेला नाही. आवाज ऐकून काकू खाली आल्या. काय झाले ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा समजले. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मला सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "महिना-दोन महिने मी माझ्या बहिणीकडे जाऊन राहिले असते. तुम्ही खडी घालून घेतली असतीत. मला काय माहीत, मला वाटलं कुत्रीच तशी आहे."

काकू वर गेल्या. थोड्या वेळाने त्यांची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी अवजारे आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी काहीतरी मागतात. आम्हाला पुसून ठेवा, तेल लावा, उन्हापावसात टाकू नका. मलाही ते मागता आले असते. माझ्या दांड्याला चीर गेली आहे, पायावर गंज चढला आहे, मी आता परसात भिंतीला टेकून उघड्यावर असते. दाराशी मला पुन्हा कुणी ठेवले नाही. मालकाला मी समोर नको असते, आणि फेकून द्यायला त्याचा खांदा उठत नाही. पण माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. मी माझे काम नीट केले होते, आणि त्याच कामाने हे घर रिकामे केले.

मागायचे तर एकच मागते. तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस जीव ओतून काही करत असेल आणि ते चुकत असेल, तर त्याच दिवशी सांगा. ते रागावेल, जेवणार नाही, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसेल. बसू द्या. चार दिवसांनी उठेल. चार महिन्यांनी सांगाल तर त्याला उठायला कारण उरत नाही. मला हे तेव्हा कळले असते तरी उपयोग नव्हता, मला वाचा नाही. त्या लेकीला होती. तिने मायेपोटीच ती वापरली नाही, हे मला समजते, आणि म्हणूनच मी तिला दोष देऊ शकत नाही. कुणाला द्यावा हे मला अजून कळलेले नाही.

गवत दुकानवाल्याने नेले. जमीन तशीच आहे. तिच्यावर काही उगवत नाही, पाणी पडले की उभे राहते आणि उन्हाने आपोआप आटते. कापून काढायला माणसे आणावीत असे लेक अधूनमधून म्हणते, पण आता कुणासाठी, असे तिचे तिलाच वाटत असावे.

मालक आत आहे. खुर्ची त्याने खिडकीपासून काढून चुलीच्या बाजूला नेली आहे, तिथून परसू दिसत नाही. आज सकाळी लेक घाईत होती. तिने चहा केला, त्याच्या हातात दिला आणि चपला घालता घालता विचारले, "साखर बरोबर झाली आहे ना, बाबा?"

साखरेचा डबा कालच रिकामा होऊन ओट्यावर पालथा पडला होता. मी उघड्या दारातून पाहिले होते.

मालकाने एक घोट घेतला. "बरोबर झाली आहे," तो म्हणाला, आणि कप संपवला.